बिनदुधाचा कोको

माझ्या साडूइतका हट्टी माणूस कराड ते पाटण या रस्त्यावर दुसरा नसेल. हे मी ऐकीव सांगत नाही. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता त्याच्या पडवीत पावशेर शेंगदाणे, शेरभर म्हशीचे दूध आणि मोजून पावशेर गूळ मांडून जो खटला चालला, त्याला तो, त्याची बायको म्हणजे माझी मेव्हणी, आमच्या सासूबाई आणि मी असे चौघे हजर होतो. पंच मी होतो.

साडू लढाईवरून हवालदार होऊन परतला तेव्हा त्याच्याबरोबर एक वळकटी, एक शिट्टी आणि कोकोचे अकरा डबे होते. शिट्टी रोज पहाटे पाचला वाजू लागली. पहिल्या दिवशी शेजारचा म्हातारा आगगाडी सुटली समजून गाठोडे शोधू लागला. घोंगडीची घडी चौकोनी नसली की साडू ती पुन्हा घालायला लावी, मग घोंगडी सासूबाईंची का असेना. कोको मात्र कुणालाही प्रेमाने पाजी. "ह्यो पिऊन आमी बर्फात उभं ऱ्हायलो," असे सांगे. आमच्याकडे बर्फ नव्हता. आम्ही तो चैत्रात घाम पुसत पीत असू.

पुढे त्याच्या म्हशीचे रेडकू दगावले. अशा वेळी आमच्याकडे सगळे करतात तेच मेव्हणीने केले. रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे ठेवले. म्हैस ते चाटते आणि पान्हा सोडते. साडूने हे एकदा पाहिले आणि दूध सोडले. दूधच नव्हे, दही, तूप, लोणी, कढीसुद्धा. पूजेचे पंचामृत हातावर पडले की तो भक्तिभावाने डोळे मिटून ते शेजाऱ्याच्या तळहातावर ओती. "शत्रूला फसवलं ते ठीक," तो म्हणे. "आईला फसवून च्या प्यायचा व्हय?"

मग कोकोचे काय? त्याने वाट काढली. रात्रभर भिजवलेले शेंगदाणे पाट्यावर वाटायचे, पंच्यातून गाळायचे, त्यात कोको, गूळ आणि चिमूटभर सुंठ. साखर रेशनची, ती त्याने शत्रुपक्षात टाकली होती. या पेयाने गुडघे सुटतात, झोप लागते आणि महिन्यात छाती दीड इंच वाढते, असा त्याचा दावा. मी फितीने मोजली. वाढ पाव इंच भरली, तीही बंडीखाली दुसरी बंडी होती म्हणून.

संक्रांतीला त्याने जाहीर केले की पेंढ्याचे रेडकू आता जाळायचे. मेव्हणी उसळली. "तुमची पेन्शन अजून कागदावरच हाय. घरात मीठमिरची येती ती ह्या म्हशीच्या रतिबावर. रेडकू जाळा, मग रोजची चूल बी तुमीच पेटवा!"

शेवटी ठरले की दोघांनी कोको करावा आणि सासूबाईंनी प्यावा. शेंगदाण्याचा सरस ठरला तर रेडकू जाळायचे, दुधाचा ठरला तर साडूने त्या विषयावर पुन्हा तोंड उघडायचे नाही. वाद नको म्हणून मी अटी अगदी सारख्या ठेवल्या. दोन्ही भांड्यांत नवटाक म्हणजे अर्धा पावशेर गूळ, दोन चमचे कोको आणि तीन उकळ्या.

"आवं दाजी, दुधात गूळ घालून उकळत्यात व्हय?" मेव्हणी म्हणाली.

"नियम दोघांना एकच," मी म्हणालो.

दुसऱ्या उकळीला तिचे दूध फाटले. चोथा वर, तपकिरी पाणी खाली. सासूबाईंनी ते हुंगून बाजूला सारले आणि शेंगदाण्याचा पेला संपवला. "ह्योच बरा बाई." मेव्हणी पदर खोचून गोठ्याकडे निघाली, रेडकू आणायला.

"थांब गं," साडू म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "साडू, तुमी पलटणीत असता तर घोड्याला आन् सायकलीला सारखाच हरभरा मोजला असता. गूळ तिला भांडं खाली उतरून घालू द्या. परत मांडा."

"अहो हवालदार, तुम्ही जिंकलात!"

"ह्याला जिंकणं म्हनत न्हाईत."

परत मांडले. या खेपेला तिने दूध उतरवून निवू दिले आणि मग गूळ विरघळवला. वर साय धरली. सासूबाई दोन पेले प्यायल्या आणि तिसरा मागताना जावयाकडे बघायचे त्यांनी टाळले. साडू हरला. त्याने शेंगदाण्याचा चोथा गोळा करून म्हशीला घातला आणि शब्दाप्रमाणे गप्प बसला.

संध्याकाळी धारेची वेळ झाली तरी पेंढ्याचे रेडकू म्हशीपुढे न येता कोपऱ्यातच होते. मेव्हणी चरवी घेऊन बसली आणि नवऱ्यावर खेकसली, "बघत काय बसलाय? मान खाजवा तिची." तो खाजवू लागला. बराच वेळ काही नाही. म्हैस इकडेतिकडे हुंगत राहिली. मग एकदाची धार लागली. मी माप घालून पाहिले. एरवी तीन शेर निघायचे, त्या दिवशी दोन.

"शेरभर कमी आहे," मी म्हणालो.

"दिसतंय मला, दाजी," ती म्हणाली आणि चरवीवर फडके टाकून आत गेली.

साडूने दूध पुन्हा कधी तोंडाला लावले नाही. धारेला मात्र दोन्ही वेळा हजर राहिला. म्हैस आटेपर्यंत मेव्हणीने दर धारेला त्या शेरभर दुधावर पाणी सोडले. ते तिने म्हशीला दिले की नवऱ्याला, हे मला अजून ठरवता आलेले नाही.