पाच दात्यांची गोधडी

व्हर्लीन टॅकेटला गुपित सांभाळण्याचा कधी त्रास झाला नाही, कारण गुपित काय ते तिला ठाऊकच नव्हतं. अमेरिकेत पामडेलच्या वाळवंटातल्या एका कारखान्यात ती सहा वर्षं काळं कापड कापत होती. कार्बनच्या धाग्यांचं, राळेत भिजवलेलं, थंड खोलीतून येणारं कापड. साच्याबरहुकूम कापायचं, थरावर थर रचायचा आणि भट्टीवाल्यांच्या हवाली करायचं. भाजून निघाला की तुकडा लोखंडाला लाजवायचा. तो पुढे कुठे जातो हे विचारायचं नाही. भिंतीपलीकडे हजारो माणसं असाच आपापला तुकडा करत होती.

तिथे बॉम्ब टाकणारं नवं विमान बनतंय आणि ते रडारला दिसत नाही, एवढं तर न्हाव्याच्या दुकानातसुद्धा बोललं जायचं. त्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याऐंशीच्या वसंतात, सरकारने त्याचं एक रंगवलेलं चित्र छापू दिलं होतं. समोरून काढलेलं, मागची बाजू मुद्दाम धूसर. बाकी अंदाज.

व्हर्लीनने कारखान्यात येण्याआधी वीस वर्षं लॉस एंजेलिसमध्ये पोहण्याचे पोशाख बेतले होते. कारखान्याला असेच हात हवे होते. पदवीवाल्या पोरांनी ते महाग कापड नासवून दाखवलं होतं. तिचा नवरा ऑरिन सिमेंटचा ट्रक चालवायचा. दोन वर्षांपूर्वी त्याची पाठ गेली आणि तो घरी बसून स्वयंपाक शिकला. ऑक्टोबरात पाठीचं ऑपरेशन ठरलं होतं. त्याचा सगळा खर्च व्हर्लीनच्या नोकरीच्या विम्यातून व्हायचा होता आणि नोकरी कारखान्यात आत सोडणाऱ्या, छातीवरच्या चौकोनी बिल्ल्यावर होती. बिल्ला गेला की विमा गेला, ऑपरेशनही गेलं. त्या देशात हे असंच असतं, आणि त्याची कोणाला लाजही वाटत नाही.

"काय केलंस आज?" ऑरिन रोज विचारायचा. "उडती कढई?"

"कढई काल झाली. आज झाकण."

असं मजेत चाललं होतं. मग ऑगस्टच्या अखेरीस जत्रा आली.

जत्रेत गायी, भोपळे, मुरंबे आणि गोधड्या यांच्या स्पर्धा असतात. व्हर्लीनने निळी-करडी गोधडी ठेवली होती. मधला भाग नेहमीचाच, पण खालच्या काठाला तिने मोठे मोठे दाते काढले होते, करवतीसारखे, पाच. मापाची पट्टी घेतली नव्हती. कात्री आपली आपण चालली होती. परीक्षक बायांनी पहिल्या नंबरची निळी फीत लावली आणि "एवढी सरळ धार पट्टीशिवाय?" म्हणून तिचं मनगट उलटंपालटं करून पाहिलं.

रविवारी दुपारी कारखान्याचा सुरक्षा अधिकारी प्रुइट बायकोबरोबर मक्याचं कणीस खात खात तिथून चालला होता. गोधडीपुढे तो थांबला, आणि कणीस खायचं विसरला.

सोमवारी व्हर्लीनला बिनखिडकीच्या खोलीत बोलावलं. टेबलावर तिची गोधडी होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर लाल शिक्का. प्रुइटच्या बाजूला एक अनोळखी माणूस बसला होता. त्याने आपलं नाव सांगितलं नाही.

"हा आकार कुठे पाहिलात?" प्रुइटने विचारलं.

"कुठे पाहणार? कात्री हातात घेतली आणि कापला."

"नकाशा दिसला? कोणी बोललं?"

"साहेब, सहा वर्षं तुमच्याच साच्यावर मी एकच कोन कापतेय. हात दुसरीकडे वळेनासा झालाय. विश्वास नसेल तर घरी येऊन माझे पडदे बघा. पावसुद्धा मी तसाच तिरका कापते. नवरा ओरडतो."

"आणि दाते पाचच का?"

"पलंग तेवढाच रुंद आहे."

कोणी हसलं नाही. प्रुइटने त्या अनोळखी माणसाकडे पाहिलं, त्याने गोधडीच्या काठाकडे पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली. वीस वर्षं गिऱ्हाइकाचा चेहरा बघून पोशाख बसला की नाही ते ओळखणारी बाई ती.

"म्हणजे ते मागून असं दिसतं," ती म्हणाली.

"मी काहीही बोललेलो नाही," प्रुइट म्हणाला.

"गोधडीला पिशवीत घालून शिक्का मारलात. आता बोलायचं काय शिल्लक ठेवलंत?"

प्रुइटचा चेहरा पांढरा पडला. सहा वर्षं जे तिला कोणी सांगितलं नव्हतं, ते त्याने एका सकाळी सांगून टाकलं होतं, आणि तेही साक्षीदार बसवून. त्याने हात पुढे केला. व्हर्लीनने बिल्ला काढून दिला.

"गोधडी?"

"ती आता गुपित आहे. तिजोरीत राहील." मग जरा थांबून तो म्हणाला, "फीत नेऊ शकता."

घरी ऑरिन चक्रावला. "चोरी केलीस का?"

"नाही."

"मग बिल्ला कशापायी घेतला?"

"गोधडीपायी."

"गोधडी शिवली म्हणून कोणाला घरी बसवतात का, बाई?"

"सांगता येत नाही, ऑरिन." ती पहिल्यांदाच हसत नव्हती. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि भांडी घासायला घेतली, वाकत नसलेल्या पाठीनं.

अकरा दिवस असे गेले. इस्पितळातून तारीख नक्की करण्यासाठी दोनदा फोन आला. दोन्ही वेळा व्हर्लीनने 'कळवते' म्हटलं. बाराव्या दिवशी प्रुइटने बोलावलं. तो थकलेला दिसत होता.

"दोन याद्या आहेत," तो म्हणाला. "ज्यांना आकार माहीत आहे त्यांची एक, ज्यांना नाही त्यांची दुसरी. तुम्ही दुसऱ्या यादीत, आणि आकार तर माहीत. असं माणूस आमच्याकडे असूच शकत नाही. एक तर तुम्हाला काढायचं, नाहीतर पहिल्या यादीत घालायचं. कापणारे हात मिळत नाहीत. सही करा."

कागदावर जन्मभराची अट होती. नवरा, बहीण, पाद्री, कोणालाही नाही. नवऱ्याने चुकीचा अंदाज केला तरी 'नाही' म्हणायचं नाही. व्हर्लीनला ऑक्टोबर दिसत होता. तिने सही केली. पहिल्या यादीतल्या माणसाला एकदा रीतसर दाखवावं लागतं, असा नियम निघाला. प्रुइट तिला तीन दारांमधून आत घेऊन गेला.

तिला वाटलं होतं विमान दिसेल. विमान नव्हतंच. शेपूट नाही, धड नाही, नुसता एक काळा पंख या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरलेला. नजरेने मापायची सवय. रुंदी पावणेदोनशे फूट धरली, नाकापासून मागच्या टोकापर्यंत मात्र सत्तरसुद्धा भरेना. तिने पुन्हा मापलं. तेवढंच. मागच्या काठाला तिचे दाते होते, एकेक तिच्या अंगणाएवढा. आपला तुकडा शोधायला गेली तर कुठला तिचा आणि कुठला दुसऱ्याचा, सांधासुद्धा दिसेना.

"एक केवढ्याला पडतं?"

"ती तिसरी यादी," प्रुइट म्हणाला. "तिच्यात मीही नाही."

पोटाची दारं उघडी होती. ती खाली जाऊन उभी राहिली. वर रिकामी पोकळी, शाळेची बस मावेल एवढी, आणि आत टांगायचे आकडे. त्यात काय टांगणार, हे सांगायला यादी लागत नव्हती. सहा वर्षं तिने कात्रीच्या टोकापलीकडे पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. प्रुइटने "चला" असं दोनदा म्हटलं तेव्हा कुठे ती हलली.

संध्याकाळी ऑरिनने तिच्या छातीवर बिल्ला पाहिला आणि त्याचा जीव भांड्यात पडला. त्याने मिरचीचं मटण-राजमा वाढलं, मक्याचा पाव ठेवला.

"तर ऑपरेशन होणार?"

"होणार. मी इस्पितळाला फोन केला."

"झकास." तो खुशीत आला. "पेपरात म्हणतात, त्या एकेका विमानाचे पन्नास कोटी डॉलर. अगं, एवढं काय असणार त्यात? आपल्या चर्चएवढं मोठं असलं तरी एवढे लागणार नाहीत. का लागतील?"

व्हर्लीनने पाव मोडला. चर्च त्या पंखाखाली दोनदा मावलं असतं.

"पाव छान झालाय," ती म्हणाली.

"पाव करपलाय, व्हर्लीन. खालून काळा झालाय."

तिने मान खाली घातली आणि तो सगळा खाल्ला. ऑरिनने तिची रिकामी ताटली पाहिली. मग त्याने पेपर उचलला, घडी घातली आणि काही न विचारता दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवला.