काचेचा उंच ग्लास

धाकट्या दिराने दारू सोडली, तेव्हापासून घरच्या प्रत्येक पार्टीत वहिनी त्याला मुलांच्या टेबलावर बसवीत आणि प्लॅस्टिकच्या पेल्यात सरबत देत. त्याला मोह नको, असे त्या सांगत. वेल्डिंगने भाजलेल्या हातात पेला धरून तो मुकाट्याने बसे.

निवृत्त झाल्यावर त्याने प्रथमच सगळ्यांना घरी बोलावले. गार केलेला कोरा चहा, आल्याचा रस, संत्र्याची साल आणि वरून सोडा, असे पेय त्याने काचेच्या उंच ग्लासांत ओतले. पहिल्याच घोटाला वहिनींना आल्याचा ठसका लागला.

"यात खरंच काही नाही ना, भाऊजी?"

"मीच पितोय म्हटल्यावर काय असणार?" तो हसला. "दारूची आठवण फारशी आली नाही, वहिनी. तुमच्याबरोबर ग्लास भिडवायची मात्र यायची."

वहिनींना मेल्याहून मेल्यासारखे झाले. मोहाचे नुसते निमित्त होते. पाहुण्यांत शोभा होईल, ही धास्ती त्यांची स्वतःची होती.

'चुकलं माझं' हे शब्द काही ओठांवर येईनात. त्यांनी ग्लास पुढे केला. आणखी हवे असेल, असे वाटून त्याने तो काठोकाठ भरला.

त्यांनी तो पुन्हा पुढे केला.