केकताडाची मूठ

ती तलवार कुठल्या राजाची नव्हती, हे आधीच सांगते, न्हायतर कुणीतरी लगेच इतिहास काढत बसतं. ती आमच्या गावच्या गुरुजींच्या डोक्यातली होती. जत्रेसाठी त्यांनी नाटक लिहिलं, त्यात पाताळातून आणलेली जादूची तलवार. पात्याला दोन सुळे, मुठीच्या टोकाला फणा काढलेला नाग. गुरुजींनी वहीत चित्र काढून दिलं आणि उमरग्याच्या गॅरेजशेजारच्या लोहारानं ट्रकच्या मोडक्या पाट्यातून ती हुबेहूब घडवली. धारही खरी लावली, कारण शेवटी राजपुत्रानं राक्षसाची मान एका घावात उडवायची होती.

राक्षस म्हणजे केकताडाचा दांडा. शहरातली माणसं घायपात म्हणतात तेच. दुष्काळात सगळं करपलं तरी हे बांधावर हिरवंगार. त्याच्या मधून पोटरीएवढा जाड दांडा वर जातो. तो ओट्यात रोवायचा, वर कागदाचं तोंड बसवायचं, झाला राक्षस. तोडून बघायला दुसरं होतं काय? कडब्याची पेंडी तोडली असती तर लोकांनी आधी आम्हालाच तोडलं असतं.

आमचं घर दोर वळणाऱ्यांचं, गावाच्या कडेला. केकताड कुजवायचं, कुटायचं, त्याचा वाख म्हणजे धागा काढायचा, दोर वळायचा. आमच्या हातचा दोर गावातल्या सगळ्या बैलांच्या गळ्यात चालायचा. आम्ही मात्र नाटक व्हायचं त्या देवळापुढच्या ओट्यावर चालत नव्हतो.

बाजाराच्या दिवशी खडी फोडायच्या दुष्काळी कामाला सुट्टी असायची. तेव्हा सोसायटीच्या गोदामापुढं तलवारीची परीक्षा ठेवली. राजपुत्र होता चेअरमनचा पुतण्या. त्यानं मुठीच्या लोखंडी नळीवर लाल मखमल गुंडाळून आणली होती. पहिला घाव घातला, ठण्ण करून पातं आडवं आदळलं. दुसऱ्याला तलवार हातात फिरली. तिसऱ्याला सुटून गोदामाच्या दारावर.

“दांडाच निबर हाय,” तो म्हणाला.

नाचता येईना, अंगण वाकडं! मी हसले, चांगली मोठ्यानं. सतरा वर्षांची होते, दिवसभर खडी फोडून संध्याकाळी दोर वळत होते. हसायचं कुणाला विचारून?

“दात काय काढतीस?” चेअरमन म्हणाले.

“मूठ गोल हाय, म्हणून फिरती. कुऱ्हाडीचा दांडा कवा गोल बघितलाय का तुमी?”

माझ्या बापानं मागून लुगडं ओढलं, पण गुरुजी म्हणाले, “तुला जमतंय का बघ.”

“जमतंय. पण जत्रंत राक्षस म्या तोडणार.”

सगळे खो खो हसले. चेअरमन म्हणाले, “आधी मूठ तर बसव.” ते मी हो समजले. तीच माझी चूक.

दोन दिवस खपले. कडुलिंबाच्या दोन फाका तासून नळीला दोन्हीकडून बसवल्या, मूठ अंड्यासारखी चपटी केली, माझ्या हाताच्या मापानं. वरून बारीक वळलेला केकताडाचा दोर गच्च गुंडाळला. ओला न्हाय, कोरडा. ओला गुंडाळला की वाळल्यावर ढिला पडतो. पावसाळ्यात दोराची बाज ताठते आणि उन्हाळ्यात तिला झोळ येतो, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही कळतं. कोरडा बांधायचा आणि घाव घालायच्या आधी भिजवायचा. मग तो लाकडाला असा आवळतो की हलायचं नाव न्हाय.

परत सगळे गोदामापुढं जमले. टँकर येऊन गेला होता. वाट्याला आलेल्या पाण्यातला तांब्या मी घरनं आणला होता. तो मुठीवर ओतला.

“अगं अवदसे, पाणी!” आमच्या खडीच्या मुकादमाची म्हातारी आई ओरडली. “प्यायाला थेंब न्हाय आन् ही लोखंडाला पाजती!”

“माझ्या वाट्याचं हाय, आजे. आज म्या तहानली ऱ्हाईन.”

घाव घातला. सप्‌कन गेला. दांड्याचं वरचं निम्मं अंग जमिनीवर पडलं, तेव्हा कुठं लोकांना कळलं की तुटला.

“झ्याक!” चेअरमननी माझ्या हातातली तलवार घेतली आणि पुतण्याच्या हातात दिली. “घे रं. झालं तुझं काम.”

“आन् माझं?”

“बाईमाणूस ओट्यावर? आन् तेबी तुमच्यातलं? येडी का खुळी तू!”

अंगाचा नुसता तिळपापड झाला. आयत्या बिळावर नागोबा! मी पुतण्याच्या हातातून तलवार ओढली, गाठ सोडली आणि सगळा दोर उलगडून घेतला. कडुलिंबाच्या फाकाही काढल्या. नुसत्या नळीची तलवार परत दिली.

“सुंभ जळला तरी पीळ जात न्हाय,” चेअरमन म्हणाले.

“पीळ गेल्यावर त्याला दोर कोण म्हणंल?”

घरी बाप चुलीपुढं डोकं धरून बसला. “उद्या गावानं आपला दोर घ्यायचा सोडला तर?”

“मग बैलं काय शेंडीला बांधतील?”

तो हसला न्हाय. भ्याला होता. त्याचं चुकत होतं असं मी आजही म्हणणार न्हाय.

जत्रेला नाटक दिवसाउजेडीच ठेवलं, बत्त्यांना रॉकेल नव्हतं. आम्ही नेहमीसारखे ओट्यापासून लांब, लिंबाखाली. शेवटचा प्रवेश आला. मुकुट घातलेल्या राजपुत्रानं मखमलीची मूठ धरून घाव घातला. ठण्ण. दुसरा. ठण्ण. पोरं शिट्ट्या मारायला लागली. कुणीतरी ओरडलं, “राक्षसा, आता तूच हाण!”

चेअरमन घाम पुसत लिंबाखाली आले. माझ्याशी न्हाय, बापाशी बोलले. “पोरीला म्हणावं, मूठ बांधून दे पटदिशी.”

माझा बाप त्यांच्यापुढं कधी मान वर करत नसे. त्या दिवशी त्यानं केली.

“मूठ ती बांधंल, चेअरमनसाहेब. तोडणारबी तीच. न्हायतर राक्षस हुबा ऱ्हाऊ द्या. आमाला त्येचा काय तरास न्हाय.”

चेअरमननी मागं वळून शिट्ट्या मारणारी जत्रा बघितली आणि ओट्याकडं हात केला.

मी पायऱ्या चढले. दोर कमरेला होता, फाका ओच्यात. का आणल्या होत्या म्हणून विचाराल, तर मला खात्री होती. मखमल काढली आणि सगळ्यांपुढं बसून मूठ बांधली. पाणी मात्र नव्हतं. इतक्यात गर्दीतून मुकादमाची आई पुढं आली. तिनं स्वतःचा तांब्या ओट्यावर ठेवला.

“घे. वत.”

एकाच घावात कागदाचं तोंड गडगडत खाली गेलं. मुकुट पुतण्याच्याच डोक्यावर होता. राहू दे म्हटलं. मी दोर उलगडला, नळी त्याच्या हातात दिली आणि पायऱ्यांकडं वळले. खाली माझा बाप उभा होता, जिथं आमच्यातलं कुणी कधी उभं राहिलं नव्हतं. त्यानं हात पुढं केला. दोर मागतोय वाटून मी दोर दिला. त्यानं तो खांद्यावर टाकला आणि हात पुन्हा पुढं केला.

“सावकाश उतर,” म्हणाला, “पाणी सांडलंय.”