दुसऱ्या माईकची पट्टी

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे घरात कुणी करणी, बाधा, झपाटणं असं काही बोललं, की "असं काही नसतं" म्हणायचं काम आपोआप माझ्याकडे आलं... आणि मी ते आवडीने करत आलो. वडील बोटीवर, आई सुकी मासळी विकते; त्यांच्यापुढे विज्ञानाचं बोलताना मला थोडा मोठेपणाही वाटायचा. या सदरातले अनुभव मी वाचतो ते मनोरंजन म्हणून. आज स्वतःच लिहायला बसलोय, आणि खरं सांगतो, लाज वाटतेय. पण भुताची गोष्ट लिहितोय म्हणून नव्हे. ते शेवटी कळेल.

मी एडवणचा. पालघरला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सुट्टीच्या दिवशी बोईसरला एका साउंडवाल्या शेठकडे काम करतो. गेल्या वर्षी शेठने एका कॉलनीच्या हॉलमध्ये नवा डिजिटल मिक्सर बसवला. आमच्या भागात तेव्हा असा मिक्सर कुणी पाहिला नव्हता. प्रत्येक माईकची एक सरकपट्टी – वर नेली की आवाज वाढतो, तळाला नेली की बंद – आणि तिला आतून मोटर. बरोबर एक लोखंडी डबी, तिच्यावर आठ बटणं. कोणत्या बटणाने काय व्हावं ते आधी मिक्सरमध्ये भरून ठेवायचं. मग डबी स्टेजजवळ कुठेही लावा. बटण दाबलं, की मागच्या काचेच्या खोलीतल्या पट्ट्या आपोआप सरकून ठरलेल्या जागी जातात. इंग्रजी पुस्तक डिक्शनरी घेऊन वाचत वाचत मी ते शिकलो. एक नंबर भाषण, दोन मंगलाष्टकं, तीन कॅसेटची गाणी... बटणात स्वतःचं काही नसतं. आपण जे भरलं असेल तेच ते करतं. हे वाक्य लक्षात ठेवा.

त्या हॉलमध्ये माझ्या चुलत बहिणीचं, सुनंदाचं, लग्न ठरलं. नवरा कारखान्यात सुपरवायझर, त्याच्याकडची मंडळी शहरी. सुनंदाच्या आईने, म्हणजे माझ्या काकूने, एकच अट घातली होती – धवले झाल्याशिवाय पोरगी मांडवात यायची नाही. धवले म्हणजे आमच्याकडची लग्नातली गाणी, देवांना आवतण देणारी. ती म्हणणाऱ्या धवलारणी नेहमी दोघी असतात. एकीने ओळ म्हणायची, दुसरीने ती झेलून परत म्हणायची. तेवढ्यात पहिली श्वास घेते.

गावची धवलारीण माझी जानकीआत्या. तिची जोडीदारीण म्हणजे तिचीच धाकटी जाऊ, काशी. पण काशी त्याआधीच्या पावसाळ्यात वारली. तेव्हापासून आत्या एकाही लग्नात गायली नव्हती. दुसरी बाई जोडीला घे म्हटलं, तर म्हणायची, "तिच्या दमाची मला सवय हाय. दुसरीच्या दमावर मी कशी चालू?" काकू पायाशी बसली तेव्हा कुठे आत्या कबूल झाली. "सुनंदासाठी येते. जमलं तं पुढं गाईन. नाय जमलं तं धवले माझ्यापाठी बंद."

लग्न दुपारच्या मुहूर्ताचं होतं. सकाळीच मी आत्याला काचेच्या खोलीत नेऊन मिक्सर दाखवला. बटण दाबून पट्ट्या सरकवल्या, तशी ती दोन पावलं मागे गेली.

"अगो बाय! यो तं आपाप सरकते! कोण बसलाय रं आत?"

"कोण नाय आत्या, मोटर आहे."

"मोटर तं तुज्या बापाच्या होडीला पण हाय. ती काय आपाप जाते?"

शेठ मोठ्याने हसले. मीही हसलो, पण मला मेल्यासारखं झालं. शेठसमोर आमची बोली नको, असं वाटून मी शुद्ध भाषेतच बोलत राहिलो.

चार नंबरला मी धवले भरले होते. सवयीने दोन माईक भरले – आमच्याकडचा कोणीही तेच करेल. मग लक्षात आलं, की काशी नाही. दुसरा माईक काढून वेगळ्या वायरीवर भटजींना दिला, आणि चार नंबरमध्ये त्या मोकळ्या वायरीची पट्टी तळाला नेऊन बंद अशी भरून टाकली. स्टेजवरचा रिकामा स्टँड उचलायला गेलो, तर आत्याने हात धरला.

"ऱ्हाऊ दे. काशीची जागा हाय ती."

स्टँड राहिला. त्याला नुसती वायर लोंबत होती. डबी तिच्या बाजूच्या खांबाला लावली होती. "चौथं बटण दाब, की तुझा माईक चालू," एवढंच सांगून मी खोलीत गेलो.

आत्याने बटण दाबलं. पहिली पट्टी वर गेली. तिने पहिली ओळ घेतली... आणि थांबली. काशी झेलायची तेवढा वेळ गप्प राहिली, मग दुसरी ओळ. परत थांबली. हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. नवऱ्याकडच्या कुणीतरी मागे वळून हाक दिली, "ओ साउंडवाले, आवाज जातोय!" दुसरा म्हणाला, "अजून वर्ष बदललं नाही हो, ह्यांचा कॉम्प्युटर आत्ताच बंद पडला!" दोन हजार साल उजाडताच सगळे कॉम्प्युटर बंद पडतील, ही भीती त्या दिवसांत सगळ्यांच्या तोंडी होती. रांगाच्या रांगा हसल्या. माझे कान तापले. शेठ माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले. "दिनेश, काय चाललंय? माझं नाव जाईल इथे."

"शेठ, गाणंच तसं आहे," असं मी सांगायला हवं होतं. मी मान खाली घालून पट्ट्यांकडे बघत राहिलो.

आणि तेव्हा दुसऱ्या माईकची पट्टी हलली.

कुणी बटण दाबलं नव्हतं. पट्टी हळूहळू, मोटरचा बारीक आवाज करत तळापासून वर आली आणि आत्याच्या पट्टीच्या बरोबरीला थांबली. माईकमध्ये आवाज आला की लागणारे तिच्यावरचे हिरवे दिवे... आत्या ओळ म्हणत होती तेव्हा विझलेले. आत्या थांबली, की लागायचे. एकदम नव्हे, कुणी गाताना आवाज चढतो-उतरतो तसे वर-खाली होत. स्पीकरमधून मात्र काहीच येत नव्हतं. दिवे विझले, की आत्या पुढची ओळ घ्यायची. तिच्याकडून ते दिवे दिसत नाहीत. ती मांडवाकडे तोंड आणि आमच्याकडे पाठ करून होती.

वायरीला माईक नव्हता, हे परत सांगतो.

"ती दोन नंबर खाली घे! शिट्टी मारेल!" शेठ ओरडले. त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. मोकळा माईक उघडा राहिला तर शिट्टी मारतो, हे मीच त्यांच्या दुसऱ्या पोरांना शिकवलं होतं. मी अंगठ्याने पट्टी खाली दाबली. ती खाली राहीना. मोटर माझ्या अंगठ्याला उलट लोटत होती. जोर फार नव्हता. लहान मूल हात सोडवून घेताना करतं, तेवढाच. मी दोन्ही अंगठे लावले.

आत्या ओळीच्या मध्येच थांबली. वळली आणि काचेतून सरळ माझ्याकडे पाहिलं. मग खांबाजवळ जाऊन तिने चौथं बटण पुन्हा दाबलं. पट्टी पुन्हा उसळली. मी पुन्हा दाबून धरली. शेठ मागे उभे होते, लोक हसत होते... मी सोडली नाही.

आत्याने कशीबशी एक ओळ म्हटली. पुढची आलीच नाही. ती स्टेजवरून उतरली. बाकीचे धवले गावच्या बायकांनी बसल्या जागी, माईकशिवाय, मिळून म्हटले. सुनंदा मांडवात आली, लग्न लागलं, जेवणं झाली. शेठने माझी पाठ थोपटली. "वेळेवर धरलंस."

नंतर आत्या मागच्या दाराशी चपला शोधत होती. मी जवळ गेलो. ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

"तुला दिसत होती ना रं?"

मी तिची दुसरी चप्पल शोधून तिच्यापुढे सरकवली.

"ती ओळ उचलत होती. मधीच तोडलीस तिला." मग चपलेत पाय घालत म्हणाली, "जाऊ दे. तुझा पण धंदा हाय."

सगळे गेल्यावर मी चार नंबर उघडून पाहिला. पहिला माईक वर, दुसरा तळाला, बंद. मी भरलं होतं तसंच. एका अक्षराचा फरक नाही. मोकळी वायर आजूबाजूची गुणगुण पकडते, तिने दिवे लागले असतील, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण गुणगुण सलग असते, ती कुणासाठी थांबत नाही. आणि पट्टीचं काय? कॉलेजातल्या सरांना विचारलं. ते म्हणाले, मोटर बिघडली असेल. कंपनीचा माणूस येऊन तपासून गेला; मोटर ठीक आहे.

हे सगळं एक वेळ बाजूला ठेवू. मला लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. मिक्सरच्या कडेला हेडफोन टांगलेला होता. दुसऱ्या माईकवर काय येतंय ते ऐकायला एक बटण दाबून तो कानाला लावायचा, बस. विज्ञान शिकणाऱ्या माणसाने पहिल्यांदा तेच केलं असतं. माझे दोन्ही हात ती पट्टी दाबण्यात गुंतले होते, असं मी म्हणू शकतो. पण एक हात मोकळा करता आला असता. मी हेडफोनकडे पाहिलंही होतं.

आत्या त्यानंतर कुठल्या लग्नाला गेली नाही. मी सुट्टीत गावी गेलो, की हातात बोंबलांची जुडी देते आणि अभ्यासाचं विचारते. बाकी काही नाही.

त्या हॉलमध्ये काम असलं, की मी मंडळी यायच्या आधी जातो. रिकामा स्टँड त्याच जागी ठेवतो, वायर लोंबती सोडतो. चौथं बटण दाबून धावत खोलीत येतो, हेडफोन लावतो आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसतो. पहिली पट्टी वर जाते. दुसरी तळालाच असते.