चेतनरावांचा सर्वे

चेतनरावांना धंदा जमत नाही असं कोणी म्हणू नये. सुरू करायला उत्तम जमतो, चालवायला तेवढा जमत नाही. आधी कडकनाथ कोंबड्या झाल्या, मग ड्रॅगनफ्रूट. कोंबड्या मुंगसांनी नेल्या. ड्रॅगनफ्रूटचे नुसते खांब उरले आणि बायको शुभांगी त्यांना दोरी बांधून धुणं वाळत घालू लागली. यंदा चेतनरावांनी मोबाईलवर कयाक, म्हणजे वल्ह्यानं मारायची चिंचोळी होडी पाहिली आणि काष्टीच्या पारावर जाहीर करून टाकलं, की आपण घोड नदीवर वॉटर स्पोर्ट्स काढतोय. स्वतःला पोहता येत नाही, ही बारीकसारीक गोष्ट तेवढी सांगायची राहिली.

शुभांगीला नगरजवळच्या केडगावात एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. पण बोटिंगला येणारी गिऱ्हाइकं जेवणार, म्हणजे पिठलं-भाकरीला बाई हवी. तेव्हा नदीला पाणी असलं तर नोकरीला नकार कळवायचा, असं चेतनरावांनी परस्पर ठरवलं. बोटी सोडायच्या होत्या ते नदीकाठचं गाव म्हणजे शुभांगीचं माहेर. ती म्हणाली, तिथलं काय ते मला विचारा. ते म्हणाले, आधी सर्वे होऊ दे.

रविवारी सर्वे निघाला. डोळ्यांवर गॉगल, बुडाखाली बुलेट आणि रस्त्यात दिसेल त्या टपरीवर चहा. प्रत्येक टपरीवाल्याकडे नदीची चौकशी झाली. नदीत लहानाची मोठी झालेली बाई मागच्या सीटवर बसली होती, पण पिकतं तिथं विकत नाही. तिच्याकडे मान वळली ती फक्त गॉगल पुसायला रुमाल मागण्यापुरती.

बंधाऱ्यामागं पाणी तुडुंब होतं. इथं जेट्टी, तिथं तिकीट खिडकी, त्या चिंचेखाली तुझी चूल, असं चेतनराव हातवारे करून सांगू लागले.

शुभांगी म्हणाली, "होळीपातूर शेतकऱ्यांच्या मोटारी हे समदं उपसून नेत्यात. उन्हाळ्यात हितं गुडघाभर बी पानी नसतं. मी हितंच वाढलेय."

"बाईमानसाला नदीतलं काय कळतंय," असं म्हणून ते चिंचेकडे वळले. तिथं एक माणूस तंबाखू मळत बसला होता. तो पारनेरकडचा, मेव्हण्याकडे पाहुणा आलेला. ही नदी त्यानं याआधी जन्मात एकदाच पाहिली होती. चेतनरावांनी त्याला अदबीनं दादा म्हणत उन्हाळ्यातल्या पाण्याचं विचारलं. तो म्हणाला, मागच्या उन्हाळ्यात आलो तेव्हा इथं पोरं क्रिकेट खेळत होती.

झालं, वॉटर स्पोर्ट्स तिथंच बुडाले. चेतनरावांनी त्याचे आभार मानले, नंबर घेतला आणि परतीच्या वाटेवर बायकोला समजावलं, "बघ, जानकार मानूस भेटला म्हनून वाचलो."

शुभांगीला राग आला नाही. या माणसापुढं आपण इतकी वर्षं तोंड वाजवलं, याचीच तिला लाज वाटली. तेवढ्यात पुढून शेळीपालनाचा विषय निघाला. शेळ्यांकडं दिवसभर घरचं कुणीतरी पाहिजे, तेव्हा त्या नोकरीचं आता...

तिनं गाडी थांबवायला सांगितली आणि खाली उतरली.

"उद्या मी कामावर चाललेय," ती म्हणाली. "तुमाला सांगतेय. इचारत न्हाई."

सोमवारी सकाळी ती नगरच्या एसटीत बसली. चेतनराव सोडायला आले नाहीत. ते पारनेरच्या त्या पाहुण्याला फोन लावून शेळ्यांचं विचारत होते.