कॅमेऱ्याची नवी पाठ

माझ्या कॅमेऱ्याची पाठ सुटी होती. साध्या कॅमेऱ्यात फिल्म त्याच्या पोटातच बसते. माझ्या कॅमेऱ्यात ती एका चौकोनी डबीत बसायची आणि ती डबी मागून खटकन अडकवायची. मधे पत्र्याची पातळ पट्टी सरकवली की उजेड बंद. मग भरलेली डबी काढून दुसरी लावता यायची. या डबीला दुकानदार मॅगझिन म्हणत. मीही तेच म्हणू लागले होते.

कॅमेरा हैदराबादच्या मामांनी दिलेला, जुना. त्याच्यासोबत आलेली डबी मात्र बिघडलेली होती. एका फोटोवर दुसरा फोटो चढायचा, कडेनं उजेड शिरायचा. मी परभणीला मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी रानोमाळ हिंडून फोटो काढायचे. माणसांचे नाही, जमिनीचे. काळी रानं, ओढे, मानवतच्या वाटेवरचा फुटलेला कापूस. माणूस समोर आला की मला संकोच व्हायचा. जमीन काही विचारत नाही.

त्या पावसाळ्यात मामांनी नवी डबी पाठवली. दांडी फिरवली की बरोबर पुढच्या फोटोशी थांबणारी. मी ती हातात घेऊन रिकामीच दहा वेळा फिरवली असेल. आमच्या शाळेत भूगोल शिकवणारी माझी मैत्रीण बघत होती. ती म्हणाली, "एवढं आहे तर आमच्या गावाला चल. गंगा आमच्या गावापाशी अशी वळते की तुला दोन्ही काठ एका फोटोत मिळतील."

गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. तिचं गाव गंगाखेडच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. घर बुद्धवाड्यात. घरात तिची आई एकटी. माझे वडील पोखर्णीच्या बाजूला जोशीपण, म्हणजे भटजीचं काम, करायचे, हे मैत्रिणीला ठाऊक होतं. मी तिच्या घरी राहीन का, असं तिनं विचारलं नाही. त्याबद्दल मला तेव्हाही बरं वाटलं होतं.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्याची बातमी आम्ही निघायच्या आदल्या दिवशीच रेडिओवर आली होती. माझे यजमान पाटबंधाऱ्याच्या कचेरीत होते. ते म्हणाले, "वातावरण बरं नाही. पुढच्या रविवारी जा." पण शाळेतही, गल्लीतही सगळं नेहमीसारखंच होतं. शनिवारी दुपारची गाडी धरून आम्ही दोघी निघालो.

तिच्या आईला मी मावशी म्हणाले. उंच, सडसडीत बाई. बोलणं कमी. मी जेवायला बसले तेव्हा त्या ताटाकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी दुसरी भाकरी मागून घेतली तेव्हा कुठं त्या चुलीकडे वळल्या.

सकाळी आम्ही नदीवर गेलो. मैत्रीण खोटं बोलली नव्हती. पाणी गढूळ, भरलेलं, आणि वळण असं की नदी गावाला कुशीत घेऊन निजल्यासारखी वाटावी. माझ्या कॅमेऱ्यात वरून खाली बघायचं, काचेवर चित्र उमटायचं, तेही डावं-उजवं उलटं. मी एक-एक फोटो जपून काढत होते. अशात काचेच्या कोपऱ्यात एक करडा डाग वर चढताना दिसला. ढग उतरलाय असं वाटलं. छान दिसत होता. मी त्याच्यासकट फोटो काढला, अंदाज चुकू नये म्हणून पुन्हा एक काढला.

मग मान वर केली. ढग नव्हता. पलीकडच्या गावातून धूर निघत होता.

"वीटभट्टी असेल," मी म्हणाले.

"पावसाळ्यात?" मैत्रीण म्हणाली. तिचा चेहरा पार उतरला होता. "चल. घरी चल आधी."

वाड्यात बायका दारात उभ्या होत्या, पोरं आत घेतलेली. सकाळची एस.टी. आली नव्हती. पलीकडच्या गावातला बुद्धवाडा रातीच पेटवला, असं कुणी सांगून गेलं होतं. मावशी अंगणात उभ्या होत्या. त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि एकदम मला म्हणाल्या, "माझा काढ गं एक फोटू. कधी काढलाच न्हाई." माणसांचे फोटो न काढणाऱ्या मी दारापुढे त्यांचा फोटो काढला. त्यांनी पदर सारखा केला नाही की हसल्या नाहीत. सरळ उभ्या राहिल्या. तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. उद्या आपण असू की नाही याचा हिशेब करून या बाई उभ्या आहेत, असं मला वाटून गेलं.

थोड्या वेळानं गावातली माणसं आली. आठ-दहा असतील. काहींच्या हातात काठ्या होत्या, त्या रोजच्याही असू शकत होत्या. मैत्रीण दारात उभी राहिली. पुढे होता एक सैन्यातून रिटायर झालेला माणूस, अंगात जुना खाकी स्वेटर. पण बोलला त्याच्या शेजारचा.

"बाई, कशाचे फोटू काढायलाव तुमी?"

"नदीचे," मी म्हणाले.

"नदीचे का धुराचे? पेपरात द्याचे हायत का?"

"नाही हो. मी शाळेत शिकवते. मला आवड आहे."

"कुणाच्या तुमी? आडनाव काय?"

मी सांगितलं. ते ऐकून माणसं एकमेकांकडे बघू लागली. तो म्हणाला, "मग हितं कशाला उतरलाव? गावात घरं न्हवती का?"

मैत्रीण म्हणाली, "माझी मैत्रीण आहे. माझ्याकडे आली."

"तुला इचारलं न्हाई."

तेवढ्यात कुणीतरी माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बोट केलं. "हे मागं डबडं कशाचं हाय?"

आणि मी, घाबरून, जो शब्द तोंडात बसला होता तोच बोलले. "मॅगझिन आहे."

फौजीनं झटकन मान वर केली. "मॅगझिन?"

"बंदुकीचं ऱ्हातंय ते?" मागून कुणीतरी विचारलं. तो शब्द घोळक्यात मागेपर्यंत गेला. बंदूक, बंदूक. दोन माणसं मागे सरली आणि दोन पुढे आली. एकानं काठी या हातातून त्या हातात घेतली.

मला स्वतःची भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती दुसरी होती. मी उद्या परभणीला जाणार. हे घर इथेच राहणार. बाईनं बंदूक आणली, पेपरवाली आणली, असं एकदा गावात झालं की मावशींच्या छपराला काडी लावायला तेवढं पुरे होतं. मी मैत्रिणीकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, "फिल्म काढून टाक."

मी पट्टी सरकवली आणि डबी कॅमेऱ्यापासून वेगळी केली. खटका वाजला तसा एक जण दचकला. मी डबी उघडली, फिल्मचं टोक धरलं आणि सगळी फिल्म त्यांच्यासमोर ओढून काढली. कागदात गुंडाळलेली ती पट्टी लोंबू लागली, करडी, गुळगुळीत, तिच्यावर काहीच नाही.

"फोटू कुठंयत?" काठीवाला म्हणाला.

"धुतल्याशिवाय दिसत नाहीत. आता दिसणारही नाहीत. उजेड लागला."

"फसवायलीय. कोरी फीत दावायलीय."

याची कल्पनाच मला आली नव्हती. फोटो बिघडले हे मी दाखवणार कसं? नसलेली गोष्ट दाखवता येत नाही. मी फिल्म हातात धरून उभी राहिले. फौजी पुढे झाला. त्यानं फिल्म हातात घेतली, उजेडाकडे धरली, रिकाम्या डबीत बोट घालून बघितलं, अगदी सावकाश. मग फिल्मची गुंडाळी करून स्वतःच्या खिशात टाकली आणि डबी मला परत दिली.

"संपलं हे," तो म्हणाला. "चला."

माणसं लगेच हलली नाहीत. मग एक गेला, त्याच्यामागे बाकीचे. काठीवाला शेवटी गेला, मावशींच्या घराकडे वळून वळून बघत.

मावशींनी मला पाणी दिलं. "तुमचा फोटो गेला," मी म्हणाले आणि मला रडू फुटलं.

"जाऊ दे. मी हाय न्हवं?" त्या म्हणाल्या. "आता निघा दोघी. दिवस हाय तवर."

"तू पण चल," मैत्रीण म्हणाली. तिनं हात धरला, पाया पडली, ओरडलीसुद्धा. मावशी हलल्या नाहीत. "घर सोडलं की घर गेलं. शेजारी सगळे हायत. तू जा."

आम्ही चिखलातून रस्त्याकडे निघालो. बरीच वाट चालून आल्यावर मैत्रिणीनं माझं मनगट दाबलं. मागे, ज्वारीच्या रानाच्या कडेनं, तो खाकी स्वेटर येत होता. आम्ही थांबलो की थांबायचा. चाललो की चालायचा. हाक मारत नव्हता, जवळ येत नव्हता. पळावं तर चिखल, लपावं तर रान गुडघाभर. माझ्या मनात नको नको ते येऊन गेलं. डांबरी रस्ता लागला तेव्हा मी वळून पाहिलं तर तो कडेच्या बाभळीखाली उकिडवा बसला होता. एक मालमोटार आली. ड्रायव्हर सरदारजी होता, त्यानं काही न विचारता आम्हाला वर घेतलं. गाडी सुटली तेव्हा फौजी उठला आणि गावाकडे परत फिरला. तो आम्हाला राखायला आला होता की आम्ही गेलो याची खात्री करायला, हे आम्हाला कधीच कळलं नाही. मैत्रीण म्हणायची, राखायला. मला अजून सांगता येत नाही.

पुढचे कितीतरी दिवस घराची कडी वाजली की मी आधी खिडकीतून बघायचे. शहरातही संचारबंदी होती. मैत्रीण आमच्याकडेच राहिली. आठवडाभरानं तिच्या गावाची खबर आली. घरं जळाली नव्हती. पण वाड्यातल्या लोकांना गावानं मजुरीला बोलावणं बंद केलं होतं, दळणसुद्धा दळून देत नव्हते. ते पुष्कळ महिने चाललं. मावशी तिथेच राहिल्या.

मी त्यानंतरही जमिनीचे फोटो काढत राहिले. त्या नव्या डबीला मात्र पुन्हा मॅगझिन म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

पुढं किती तरी वर्षांनी, संक्रांतीला, विद्यापीठाचा नामविस्तार झाला. मी तिळगूळ घेऊन मैत्रिणीकडे गेले तेव्हा तिच्या घरात रेडिओ लागला होता. वाटलं होतं, आज ही हसत दार उघडेल. ती पिशवी भरत होती. "आई एकटी आहे," एवढंच म्हणाली. मी घरी निरोप ठेवला आणि तिच्यासोबत एस.टी.त बसले. फाट्याफाट्यावर पोलीस उभे होते. प्रत्येक वळणाला आम्ही दोघी खिडकीतून आभाळाकडे बघत होतो, कुठे धूर दिसतो का म्हणून.

मावशी अंगणात तूर निवडत बसल्या होत्या. केस पांढरे झाले होते. आम्हाला बघून सूप खाली ठेवलं आणि मैत्रिणीवर ओरडल्या, "आजच्या दिशी कशाला आलाव गं? वाटेत काई झालं असतं म्हंजे?"

मैत्रीण त्यांच्या शेजारी मातीतच बसली. मावशींनी तिचा हात हातात घेतला. मग मला म्हणाल्या, "बस तू बी. चहा टाकते."

पण बराच वेळ त्या उठल्या नाहीत. आम्ही तिघी रस्त्याकडे तोंड करून बसलो होतो, आणि कुणाचं पाऊल वाजलं की तिघी एकदमच मान वर करत होतो.