नवं होण्याआधी

तांदळाचं पोतडं सुरेखाने भटारखान्याच्या कोपऱ्यात उभं केलं खरं, पण सकाळपासून ती त्याच्याकडे पाठ करूनच वावरत होती. संध्याकाळच्या पाहुण्यांना त्याच तांदळाचा भात वाढायचा होता, आणि नेमका तोच शिजवायला तिचा हात धजत नव्हता.

सापगावच्या पुढे, मुरबाड रस्त्याला विद्यापीठ आहे, त्याच्या मेसची सुरेखा प्रमुख. प्रमुख म्हणजे कागदावर. बाकी कांदे चिरायलाही तीच आणि पोरांची रडगाणी ऐकायलाही तीच. देशोदेशीची पोरं इथे शिकायला येतात आणि पहिल्या महिन्यात सगळी घरच्या जेवणासाठी सारखीच रडतात, असं तिचं ठाम मत होतं. मियोरा मात्र रडली नव्हती. मादागास्कर बेटावरची ही मुलगी पहिल्याच दिवशी सरळ आत आली आणि भाताच्या टोपात डोकावून हसली. पुढे शेतीच्या संशोधनासाठी तिला जमीन हवी होती, तेव्हा सुरेखानेच तिला आपल्या पाड्यावर नेलं. दोन पावसाळे ती पोर सुरेखाच्या सासऱ्याच्या खाचरात चिखल तुडवत होती. पाड्याला तिचं नाव झेपेना, म्हणून त्यांनी तिची मीरा करून टाकली. तीही पाड्याची भाषा बोलायला लागली.

आज तिचा सत्कार होता. तिच्या देशातल्या विद्यापीठातली मंडळी आली होती, दोन्ही विद्यापीठांत करार व्हायचा होता. इकडची पोरं तिकडे जाणार, तिकडची इकडे येणार. परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणाऱ्या दर्शना मॅडमनी निमंत्रणपत्रिकेवरच छापलं होतं, की मियोराने पिकवलेल्या तांदळाचा भात पाहुण्यांना वाढला जाईल. कल्पना चांगली होती. फक्त पाड्यावर अजून नवं झालं नव्हतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

नवं म्हणजे नव्या भाताचं पहिलं जेवण. सगळ्या पाड्याची भातझोडणी उरकली, की लखमा भगत दिवस ठरवतो. पळसाच्या पानांवर भात वाढून एकेक पान देवाच्या आणि गेलेल्या माणसांच्या नावाने ठेवतो, आणि मग जित्या माणसांनी तोंड लावायचं. सुरेखा आदल्या दिवशी लखमाकडे गेली होती. नवं सत्काराच्या आधी उरकता येईल का, असं तिने विचारलं. लखमा म्हणाला, "जाणूच्या घरात सुतक हाय. सुतकात नवं नाय होत. तुला काय सांगायचा आता?"

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, मेस कुठे, पाडा कुठे, देवाला कोण सांगायला जातंय! सुरेखाला ते जमणारं नव्हतं. ती लहान असताना घरची सगळी वीटभट्टीवर जायची. एका वर्षी दिवाळीनंतर निघायची घाई, घरात दाणा नाही, आणि आईने, यमूने, नवं व्हायच्या आधीच पोरांना नव्या तांदळाची पेज करून घातली. त्याच हंगामात भट्टीवर सुरेखाचा धाकटा भाऊ तापाने गेला. ताप तापाच्या वाटेने आला होता, हे सुरेखाला आज कळतं. पण यमूने मरेपर्यंत स्वतःला माफ केलं नाही. त्या पेजेचा टोप तिने पुन्हा कधी चुलीवर चढवला नाही. आणि सुरेखाला मीराच्या जिवाचं भय वाटत होतं. परक्या मुलखातली पोर, आई समुद्रापलीकडे. हिला काही झालं तर?

मीराला हे सांगावं असं मनात आलं नाही असं नाही. पण शिकलेली पोर, बाहेरची, तिला काय समजणार, असं म्हणून सुरेखाने तो विचार झटकला. दुपारी तिने कोठीतला गेल्या वर्षीचा तांदूळ काढला, धुतला आणि आधणात सोडला. पोतडं कोपऱ्यात तसंच राहिलं. मदतनीस जयाने ते पाहिलं आणि पुन्हा वाटाण्याच्या शेंगा सोलायला लागली.

पंगत बसली. दर्शना मॅडमनी माइकवरून तांदळाचं कौतुक सुरू केलं, तशी सुरेखा दाराच्या आडोशाला उभी राहिली. मीराने पहिला घास घेतला. चावता चावता थांबली. बोटांनी भात मोकळा करून पाहिला. नवा तांदूळ बोटाला चिकटतो, हा शीत न् शीत सुटा. तिने मान वर करून थेट भटारखान्याच्या दाराकडे पाहिलं आणि उठली.

"मावशी, हा माझा तांदूळ नाय."

"नाय गो." सुरेखाच्या तोंडून कसंबसं निघालं. "पाड्यावर नवं नाय झाला अजून. सुतक हाय. माझा हातच नाय उठला."

मीराचा चेहरा उतरला. "मग मला का नाय सांगितलास?"

मीरा वळली आणि तरातरा गेली, ती थेट माइकपाशी. मॅडमच्या हातून तिने तो घेतला, म्हणजे जवळजवळ काढूनच घेतला.

ती इंग्रजीत बोलत होती. सुरेखाला एक अक्षर कळत नव्हतं, फक्त माणसांची तोंडं दिसत होती. मॅडमचा हात कपाळाला गेला. पाहुण्यांचे घास वाटेतच थांबले. मग "सुरेखा मावशी" असे दोन शब्द ऐकू आले आणि सगळ्या माना दाराकडे वळल्या. आता नोकरी गेली, हे तिने धरूनच टाकलं. पण त्याहून वाईट म्हणजे पोरीच्या मानाच्या दिवसाची आपण माती केली, या विचाराने तिला रडू फुटलं.

पाहुण्यांमधले पिकल्या केसांचे, ठेंगणे प्राध्यापक उठले आणि ताट घेऊन तिच्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांच्या भाषेत काहीतरी बोलले. मागून आलेल्या मीराने, सुरेखाकडे न बघता, सांगितलं, "सर म्हणतात, आमच्याकडे पण पहिला भात पूर्वजांचा. आधी खाल्ला असता तर आम्हाला घरी तोंड दाखवता नसता आला. आणि हाच जुना भात अजून वाढ म्हणतात."

सुरेखाने वाढलं. करार झाला, सत्कार झाला, टाळ्या झाल्या. दर्शना मॅडम मात्र "तुम्ही मला तोंडघशी पाडलंत" एवढंच बोलल्या आणि नंतर बरेच दिवस बोलल्याच नाहीत. ते सोसवलं. मीरा जेवायला येऊन ताट घेऊन गुपचूप निघून जायची, ते सोसवेना.

सुतक फिटलं. लखमाने रविवार धरला. सुरेखा स्वतः वसतिगृहाच्या दारात गेली.

"चुकला माझा. तुला परकी समजले मी. रविवारी नवं हाय, येशील?"

"आता सांगितलास ना," मीरा म्हणाली आणि आत गेली. येते की नाही, ते बोलली नाही.

रविवारी पानं मांडून झाली तरी तिचा पत्ता नव्हता. सुरेखाने तरी तिच्या गेलेल्या माणसांच्या नावाने एक पान जास्तीचं मांडलं. लखमा नावं घेऊ लागला. देवांची झाली, पाड्याच्या म्हाताऱ्यांची झाली, सुरेखाच्या सांगण्यावरून तिच्या आईचं, यमूचंही झालं. तेवढ्यात बांधावरून धापा टाकत मीरा आली आणि सुरेखाला खेटून बसली. लखमाने जास्तीच्या पानाकडे बोट केलं. "हा कुणाचा?"

"माझ्या आजीचा," मीरा म्हणाली. "रासोआनिरिना."

लखमा अडखळला. कुणीतरी हसून म्हणालं, "रासूबाई म्हण रे, झाला!"

"गप ऱ्हा," लखमा खेकसला. "जित्या पोरीची मीरा केलीव, ती तिने सोसली. मेलेल्या माणसाला असा उगाच हाक मारून चालत नाय. तिला कळायला नको, आपलाच पान हाय म्हणून?" तो मीराकडे वळला. "सावकाश सांग, बाय."

मीराने सावकाश सांगितलं. लखमा पुन्हा चुकला, पुन्हा चुकला, आणि मग त्याने ते नाव अखंड घेतलं आणि पानावर पाणी सोडलं. मीराने सुरेखाच्या खांद्यात तोंड खुपसलं. सत्काराच्या दिवशी न रडलेली ती पोर तिथे, या देशात आल्यापासून पहिल्यांदा, पोटभर रडली.